अजिंठा आणि वेरूळ एकाच दिवसात : गाइडने असं काम घ्यावं का?

लेणीवाला

राम राम मंडळी. मी संभाजीनगरचा, अजिंठा-वेरूळला परवानाधारक गाइड. मराठी, हिंदी, इंग्रजी आणि कामापुरती जपानी बोलतो. ऑक्टोबर तोंडावर आलाय, बुकिंगचे फोन सुरू झालेत, आणि यंदा बहुतेक फोनवर एकच मागणी आहे : "सकाळी अजिंठा, दुपारनंतर वेरूळ, रात्रीच्या गाडीनं परत."

असा दिवस कसा जातो ते सांगतो, मग प्रश्न विचारतो.

सकाळी साडेसहाला हॉटेलच्या दारात. गट खाली यायला सात. फुलंब्री, सिल्लोड, मध्ये चहा, अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापूरचा टी पॉइंट. संभाजीनगरपासून हे शंभरेक किलोमीटर. तिथं आपली गाडी सोडायची, कारण पुढचे चार किलोमीटर लेण्यांपर्यंत ठरलेल्या बसनंच जावं लागतं. टी पॉइंटच्या दुकानांतले चमकणारे दगड बघण्यात निम्मा गट अडकतो. बस, तिकीट, पायऱ्या असं करत लेणं क्रमांक १ च्या दारात पोचेपर्यंत पावणेदहा-दहा. वेरूळ गाठायचं तर बाराच्या आत खाली उतरायलाच हवं, कारण पुन्हा तेवढाच रस्ता आहे. म्हणजे तीस लेण्यांच्या त्या अख्ख्या डोंगराला दोन तास, त्यातही अर्धा वेळ चालण्यात आणि बूट काढण्या-घालण्यात.

आता खरी अडचण. बाहेरच्या उन्हातून पहिल्या लेण्यात पाऊल टाकलं की काही दिसत नाही. आत मंद दिवे आहेत, पण डोळ्यांत ऊन भरलेलं असतं. मी गटाला मंडपात उभं करतो आणि सांगतो : मोबाइल खिशात, कुणी बोलू नका, पाच-सात मिनिटं नुसते थांबा. आधी चुळबुळ होते. मग कुणीतरी वर बघतं आणि छतावरची कमळं, हंस, फळं दिसायला लागतात. मग खांबावरची ती चार हरणं, चौघांना मिळून एकच डोकं. आणि शेवटी गाभाऱ्याच्या डाव्या बाजूला पद्मपाणी, हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र. आधी मुकुट, मग खाली झुकलेली नजर, मग बोटांत हलकेच धरलेलं निळं कमळ. तो चेहरा अंधारातून वर येतो तेव्हा लोकांचा श्वास ऐकू येतो. या क्षणासाठी मी हा धंदा करतो.

दोन तासांच्या दौऱ्यात ही पाच मिनिटं बसत नाहीत. लोक आत येतात, काळ्या भिंती बघतात, "रंग उडालेत हो सगळे" म्हणतात आणि बाहेर पडतात. रंग उडालेले नसतात, डोळे सरावलेले नसतात. माणसं शंभर किलोमीटर येऊन न बघता परत जातात आणि मी त्यांना परत जाऊ देतो, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न असा : यंदापासून ही एका दिवसाची कामं सरळ नाकारावीत का? तुम्ही प्रवासी म्हणून काय म्हणाल?

घाटमाथा

आमच्या सासऱ्यांनी एका दिवसात अजिंठा, वेरूळ, घृष्णेश्वर, दौलताबाद, बीबी का मकबरा आणि पाणचक्की केलं होतं. प्रत्येक फोटोत ते घड्याळ बघतायत.

चार_दिवस_रजा

लेणीवाला, तुमची कळकळ पोचली. पण दुसरी बाजू मांडते. मी नोकरी करते, नवरा नोकरी करतो, मुलीची शाळा, घरी पंच्याहत्तरीचे सासू-सासरे. सगळ्यांची सुट्टी एकत्र जुळायला दिवाळी लागते. आम्ही संभाजीनगरला दीड दिवस काढू शकलो तर ते आमच्यासाठी पुष्कळ. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही दोन दिवस काढणार नाही. आम्ही गाइडशिवाय जाऊ. मग तर काळ्या भिंतीच दिसतील. त्यापेक्षा तुमच्यासारखा माणूस दोन तास बरोबर असलेला काय वाईट?

लेणीवाला

@चार_दिवस_रजा, ताई, हा मुद्दा बिनतोड आहे. याच विचारानं आजवर नाही म्हणवलं नाही. पण दीड दिवस असेल तर माझं म्हणणं असं की एकच ठिकाण करा. घरात ज्येष्ठ असतील तर वेरूळ. शहरापासून तीस किलोमीटर, कैलास अगदी रस्त्याला लागून, चढ फारसा नाही. अजिंठा पुढच्या दिवाळीला. दीड हजार वर्षांहून जुनी लेणी आणखी वर्षभर थांबतील.

तापीकाठ

संभाजीनगरहूनच अजिंठ्याला जायचं हा हट्ट का असतो लोकांचा, मला कळत नाही. जळगावला उतरा की भाऊ! मुंबईहून रात्रीची रेल्वे, पहाटे जळगाव, तिथून लेणी साठेक किलोमीटर. नऊला दरवाजा उघडतो तेव्हा तुम्ही दारात. संभाजीनगरच्या गाड्या पोचायच्या आत पहिलं आणि दुसरं लेणं निवांत बघून होतं. संध्याकाळी संभाजीनगरला मुक्कामाला जा, दुसऱ्या दिवशी वेरूळ. मागं यायचं काम नाही, रस्ता पुढंच जातो. आणि जळगावात शेवभाजी खाल्ल्याशिवाय हलू नका.

लेणीवाला

@तापीकाठ, लाख बोललात. हा क्रम मी फोनवर दर माणसाला सांगतो. पण टूरवाल्यांच्या बस मुंबई-पुण्याहून रस्त्यानं येतात, त्यांना हे जमत नाही.

वारी_युरोपची

मी एका पर्यटन कंपनीत टूर मॅनेजर आहे, वर्षातले काही महिने मराठी गट घेऊन युरोपात असतो. तुमचा प्रश्न आमचाही आहे, पण तिकडं एक गोष्ट आमच्या मदतीला येते : कायदा. बसचालकानं दिवसात साधारण नऊच तास गाडी चालवायची, साडेचार तास झाले की पाऊण तासाची विश्रांती घ्यायचीच. गाडीत त्याची नोंद करणारं यंत्र असतं. गटातले काका कितीही म्हणाले "अजून एक ठिकाण करूया की", चालक चावी काढून खाली उतरतो. वाद संपला.

शिवाय इटलीत शहर दाखवायला तिथलाच परवानाधारक गाइड घ्यावा लागतो. मी मराठीत माहिती सांगत रोममध्ये फिरू शकत नाही. गटातल्या लोकांना आधी राग येतो, "तुम्हीच सांगा ना, तिचं इंग्रजी कळत नाही." मग मी कानातल्या यंत्रावरून बाईंचं ऐकून बसमध्ये परतल्यावर मराठीत सांगतो. त्यात एक फायदा असा झाला की मला माझं काम नेमकं कळलं. तिचं काम शहर दाखवणं. माझं काम चाळीस माणसांना वेळेवर जेवायला घालणं, पासपोर्ट सांभाळणं, कुणाची रक्तदाबाची गोळी राहिली तर शोधणं, आणि मागं राहिलेल्या जोडप्याची वाट बघताना बाकीच्यांचा राग शांत ठेवणं. आपल्याकडं ही दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात असतात. लेणीवाला, तुम्ही पद्मपाणीसमोर उभे असता तेव्हा जेवणाची ऑर्डर कोण देतं?

लेणीवाला

मीच. पहिल्या लेण्यातून बाहेर आलो की खाली उपाहारगृहात फोन : बत्तीस जेवणं, त्यातली चार बिनकांदा-लसणाची.

माईसाहेब

गुडघेवाल्या मंडळींसाठी लिहिते. मागच्या हिवाळ्यात अजिंठ्याला गेले होते. खाली डोली मिळते. चार जण खुर्ची खांद्यावर घेऊन वर नेतात. मला आधी फार संकोच वाटला, चार माणसांच्या खांद्यावर बसायचं म्हणजे. आमच्या गाइडनं सांगितलं, "आजी, तुम्ही बसला नाहीत तर त्यांची आजची रोजी बुडते." बसले. दर वर चढायच्या आधी ठरवून घ्या, सगळ्यांसमोर, म्हणजे नंतर कुरबूर नाही.

पण लेण्याच्या आत डोली नेत नाहीत. उंबरे उंच आहेत, आत उतरून चालावं लागतं. सव्विसाव्या लेण्यापर्यंत मात्र नक्की जा. महापरिनिर्वाणाचा तो बुद्ध, जवळजवळ सात मीटर लांब, उशीवर हात घेऊन पहुडलेला. खाली दुःख करणारे शिष्य, वर आनंदानं आलेले देव. मी तिथं बराच वेळ बसले. यजमान जाऊन वर्ष झालं होतं. जास्त काही लिहीत नाही.

घाटमाथा

माई, _/\_

फळा_खडू

मी शिक्षक आहे, सिल्लोड तालुक्यात. शाळेची सहल दर वर्षी कुठंतरी न्यायची असते आणि पालक म्हणतात, "अजिंठा तर इथंच आहे, तिथं काय न्यायचं?" घाटाखालच्या गावातली कित्येक मुलं आयुष्यात एकदाही लेण्यात गेलेली नसतात. म्हणून मी नेतो.

मुलांना घेऊन जाताना माझा अनुभव असा की सगळी लेणी दाखवायच्या भानगडीत पडूच नये. मी सतराव्या लेण्यात मातृपोषक हत्तीची गोष्ट सांगतो. राजानं धरून आणलेला पांढरा हत्ती काही केल्या खात नाही. का, तर रानात त्याची आंधळी आई उपाशी आहे. राजा त्याला सोडतो. भिंतीवर पुढं हत्ती आईला भेटलेला दिसतो. गोष्ट सांगून झाली की मुलांना म्हणतो, आता शोधा. पाचवी-सहावीची पोरं भिंतीशी डोळे लावून हत्ती शोधतात, आणि शोधता शोधता त्यांना घोडे दिसतात, माकडं दिसतात, छत्र्या, दागिने, स्वयंपाकाची भांडी दिसतात. कुणी भिंतीला हात लावत नाही, कारण हात लावायला वेळच नसतो.

लेणीवाला, मोठ्यांनाही असंच नेलं तर? चार लेणी, पण शोधायला लावून.

तर्कशुद्ध

मला गाइड या जमातीबद्दल जरा स्पष्ट बोलायचं आहे. प्रस्तुत धागालेखक अपवाद असतील. पण मी पाहिलेले गाइड इतिहास कमी आणि गोष्टी जास्त सांगतात. वेरूळला एकानं सांगितलं की कैलास बांधायला माणसाची ताकद पुरणार नाही, परग्रहावरून कुणीतरी आलं असणार. दुसऱ्यानं भुयार दाखवलं आणि ते थेट काशीला निघतं म्हणाला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात बुद्धाच्या मूर्तीवर डावीकडून बॅटरी मारली की हसरा, उजवीकडून मारली की गंभीर, समोरून मारली की ध्यानस्थ, हा खेळ तर प्रत्येक गाइड करतो. ही जत्रा आहे का? लोक दोन तासात जातात याचं दुःख करण्यापेक्षा त्या दोन तासांत खरं काय सांगता ते बघा.

लेणीवाला

@तर्कशुद्ध, परग्रहवाल्यांबद्दल तुमच्याइतकाच मला राग आहे, आणि तो का आहे तेही सांगतो. कैलास बघताना मी गटाला आधी आत नेत नाही. डोंगराच्या बाजूनं वरच्या कडेला नेतो आणि खाली बघायला लावतो. तिथून कळतं की हे बांधलेलं नाही, वरून खाली कोरत आणलेलं आहे. आधी तीन बाजूंनी डोंगर कापून मधला कातळ सुटा केला, आणि मग शिखरापासून खाली येत गेले. मागची कातळभिंत शंभर फुटांच्या आसपास आहे, आणि तिच्यावर छिन्नीचे घाव आजही उभ्या ओळींत दिसतात. माणसाच्या हाताचे घाव आहेत ते. ते दाखवले की परग्रहवाले आपोआप गप्प होतात. ज्या पाथरवटांनी आयुष्य तिथं घालवलं, त्यांचं श्रेय काढून कुणा उडत्या तबकडीला द्यायचं, हे मला सहन होत नाही.

बॅटरीच्या खेळाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. मूर्ती अंधाऱ्या गाभाऱ्यात आहे, आणि घडवणाऱ्यांनीही ती तेलाच्या दिव्याच्या हलत्या उजेडातच पाहिली असणार. उजेडाची दिशा बदलली की चेहरा बदलतो हे प्रत्यक्ष दिसतं. मी ते दाखवतो आणि एवढंच म्हणतो, "हे तुम्हाला दिसलं, हे घडवणाऱ्याच्या मनात होतं की नाही ते मी सांगू शकत नाही." एवढं म्हटलं की ती जत्रा राहत नाही, असं माझं मत आहे.

पोथी_वाचक

गोष्टी आणि इतिहास यांत इतकं वैर असायलाच हवं का? कैलासचीच गोष्ट घ्या. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू'त येते. राजा आजारी, राणी माणिकावतीनं नवस केला : राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला, पण देऊळ बांधायला वर्षं लागणार. तोवर राणी कशी जगणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणाला, आठवड्यात कळस दाखवतो. आणि त्यानं डोंगराच्या माथ्यावरून, कळसापासूनच कोरायला सुरुवात केली.

इतिहास म्हणून याला काडीचा आधार नाही. पण बघा, ज्यानं ही गोष्ट रचली त्याच्या डोक्यात नेमका तोच प्रश्न आला होता जो आपल्याला पडतो : वरून खाली का? आणि त्यानं किती सुंदर उत्तर दिलं.

इतिहासाला आधार हवा असेल तर बडोद्याचा ताम्रपट आहे, राष्ट्रकूट कर्काचा, इसवी सन ८१२-१३ चा. त्यात एलापुरावरच्या, म्हणजे वेरूळच्या, कृष्णराजाच्या देवळाचं वर्णन आहे. देवांनाही ते पाहून नवल वाटतं, आणि ज्यानं ते घडवलं तो शिल्पीच म्हणतो की हे माझ्याकडून कसं झालं! पहिल्या कृष्णाची कारकीर्द आठव्या शतकाच्या तिसऱ्या चरणातली, म्हणजे ताम्रपट काही दशकांतच आला. गाइडनं ही दोन्ही सांगावीत. फक्त कुठली गोष्ट आणि कुठला पुरावा, ते वेगवेगळं सांगावं.

तर्कशुद्ध

@पोथी_वाचक, ताम्रपटाचं माहीत नव्हतं. आवडलं. गोष्टीबद्दलचं तुमचं म्हणणंही मान्य, वेगळं करून सांगत असतील तर.

घाटमाथा

धाग्यात तर्कशुद्ध यांनी "मान्य" म्हटलं. आजची तारीख लेण्यात कोरून ठेवा!

फळा_खडू

@घाटमाथा, कृपा करून कोरू नका. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज फौजी साहेबांनी २८ एप्रिल १८१९ ला खांबावर नाव कोरलं, ते अजून बघावं लागतंय. बुद्धाच्या चित्रावर! मुलं विचारतात, "सर, तो इतक्या वर कसा पोचला?" तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग होता, त्यावर उभा राहून त्यानं कोरलं. ढीग काढला, नाव वर राहिलं.

रंगपेटी

मी चित्रकार, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले. अजिंठ्याच्या घाईबद्दल वाचताना सारखं आठवत होतं, म्हणून लिहिते. रॉबर्ट गिल १८४४ मध्ये मद्रासच्या फौजेतून इथं चित्रांच्या नकला करायला आला आणि वर्षानुवर्षं करत राहिला. त्या नकला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग आमच्या जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन यायला लागले, १८८५ पर्यंत हे काम चाललं. त्यांच्याही कित्येक नकला पुढं लंडनच्या आगीत गेल्या. आपल्या मुंबईची पोरं हिवाळ्याचे महिने त्या डोंगरात राहायची आणि एकेका भिंतीसमोर बसून रंग जुळवायची.

आणि एक विनंती. याला सरसकट 'फ्रेस्को' म्हणू नका. ओल्या गिलाव्यावर रंगवलेलं नाही ते. माती, भाताचं तूस, वनस्पतींचे धागे यांचा लेप, त्यावर पातळ चुना, तो वाळल्यावर रंग. निळा आहे तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, अफगाणिस्तानातून आलेला. बाकीचे बहुतेक रंग तिथल्याच माती-दगडांचे. म्हणून फ्लॅश नको, घामेजलेले हात नकोत, आणि एका वेळी गर्दी नको. आपल्या श्वासाची ओलसुद्धा त्या लेपाला सोसत नाही. पहारेकरी बाहेर थांबवतो तेव्हा चिडू नका, तो भिंतीची बाजू घेतोय.

हिमरूवाले_घर

अजून कुणी दुकानांचा विषय काढला नाही म्हणून मीच काढते. लोक नेहमी लिहितात, "गाइडनं दुकानात नेलं, कमिशन खाल्लं." माझ्या माहेरी हिमरू, म्हणजे इथलं रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणायचे. आता हातमागावर हिमरू विणणारी घरं शहरात अगदी थोडी उरली आहेत. जाहिरात करायला आमच्याकडं पैसे नाहीत. गिऱ्हाईक आणणारा गाइड हाच आमचा रस्ता.

फरक एवढाच की गाइड कुठं नेतो. एक नेतो तो यंत्रावरचं कापड हातमागाचं म्हणून विकणाऱ्या मोठ्या दुकानात, कारण तिथं वाटा जास्त. दुसरा आमच्या गल्लीत आणतो, माग दाखवतो, शाल घेतली तरी ठीक, नाही घेतली तरी चहा पिऊन जा म्हणतो.

लेणीवाला

@हिमरूवाले_घर, बरं झालं तुम्ही लिहिलंत. हे उघड बोललं पाहिजे. दुकानदार चालकाला आणि गाइडला वाटा देतो, ही पद्धत देशभर आहे. काही टूरवाले गाइडची फीच इतकी कमी ठरवतात की उरलेलं दुकानातून काढ असा त्याचा अर्थ होतो. मग लेण्यातला वेळ कापला जातो आणि दुकानातला वाढतो. माझा नियम : फी पूर्ण घ्यायची, आणि कुणी स्वतःहून विचारलं तरच दुकानात न्यायचं. विचारलं की हातमाग जिथं खरोखर चालतो तिथंच.

स्टीअरिंगवाली

माझे वडील टूरची बस चालवायचे. या धाग्यात त्यांचा दिवस कुणी मोजत नाहीये म्हणून लिहिते. एका दिवसात अजिंठा-वेरूळ म्हणजे सकाळी सहापासून गाडी पुसणं, मग अडीच तास, मग घाट, मग पुन्हा अडीच तास, आणि रात्री त्याच माणसानं पुण्याला परत चालवायचं. गट लेण्यात असतो तेव्हा त्यांना उन्हात तापलेल्या गाडीत तासभर डोळा मिळायचा, तोही मिळाला तर. सिल्लोडच्या पुढं संध्याकाळी त्यांना डुलकी येऊ नये म्हणून एक गाइड काका शेजारी बसून सतत बोलत राहायचे. सगळा गट मागं झोपलेला. ते काका वडिलांना लेण्यातल्या गोष्टी सांगायचे. वडील कधी आत गेले नव्हते, तरी त्यांना सगळे जातक, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, पाठ होते.

युरोपात कायद्यानं चालक उतरतो, वाचून बरं वाटलं. आपल्याकडं निदान गाइडनं नाही म्हणावं. लेणीवाला, लेण्यांसाठी नको असेल तर चालकासाठी नाही म्हणा.

वारी_युरोपची

@स्टीअरिंगवाली, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. तुमचा हा प्रतिसाद आमच्या कार्यालयात वाचून दाखवणार आहे.

चार_दिवस_रजा

स्टीअरिंगवाली ताईंचं वाचून माझा मुद्दा मागे घेते. आम्ही प्रवासी म्हणून चालकाच्या झोपेचा विचारच करत नाही, आणि त्याच गाडीत आपली मुलं असतात. दिवाळीला फक्त वेरूळ. सासूबाईंना घृष्णेश्वरही हवंच होतं, ते शेजारीच आहे. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं देऊळ म्हणून त्यांचा विशेष जीव.

लेणीवाला

सगळं वाचलं, दोन दिवस विचार केला. हंगाम वर्षातून चार-पाच महिन्यांचा, त्यामुळं काम नाकारणं म्हणजे घरात त्याचा हिशेब द्यावा लागतो. २०२० च्या मार्चमध्ये लेणी बंद झाली तेव्हा आमच्यातल्या कित्येकांनी भाजी विकली, रिक्षा चालवली. ते दिवस विसरलेलो नाही. तरी ठरवलंय. बायको म्हणाली, "मग एवढे दिवस कशाची वाट बघत होतास?"

एकाच दिवसात दोन्ही हे काम आता घेणार नाही. फोनवर नुसतं नाही म्हणणार नाही, पर्याय देणार. एकच दिवस असेल तर दोन्हींपैकी एक. अजिंठा निवडलं तर फळा_खडू गुरुजींच्या पद्धतीनं : पहिलं, सोळावं, सतरावं, सव्विसावं, आणि येताना दहावं. बाकीची बाहेरून. प्रत्येक रंगीत लेण्यात आधी पाच-सात मिनिटं अंधारात. जेवण दोनला. चारला परत निघायचं आणि अंधार पडायच्या सुमारास शहरात, म्हणजे चालकालाही रात्र मिळेल. वेरूळ निवडलं तर सकाळी लवकर कैलास, वरच्या कडेवरून सुरुवात, मग दहावं विश्वकर्मा, मग एकविसावं, आणि शेवटी जैन लेण्यांत बत्तिसावं.

दोन टूरवाल्यांना हे कळवलं. एकानं फोन ठेवला. दुसरा म्हणाला, "एका बसवर करून बघू."

पोथी_वाचक

विश्वकर्मात गेलात की गटाला एक स्वर लावायला सांगा, छताच्या दगडी फासळ्यांखाली तो कसा घुमतो ते ऐकू द्या. बाकी निर्णय उत्तम.

तापीकाठ

त्या दुसऱ्या टूरवाल्याला सांगा, जळगावमार्गे बस आणा. शेवभाजीचं मी बघतो.

नवा_सभासद_पनवेल

नमस्कार, धागा आत्ताच वाचला. आम्ही सहा जण येत्या सोमवारी आणि मंगळवारी येतोय. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असं ठरवलंय. लेणीवाला, तुम्ही मोकळे आहात का?

लेणीवाला

दादा, बुकिंग केलं नसेल तर थांबा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. नेमकं उलटं करा : सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. मंगळवारी मी मोकळा आहे. सोमवारसाठी माझ्या सहकाऱ्याला विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. सहा जणांत कुणाला गुडघ्याचा त्रास असेल तर आत्ताच सांगा, डोलीवाल्यांना आदल्या दिवशी निरोप देतो.